अँटिनाजवळ कोण उभं आहे?

१९९० साली दूरदर्शनवर 'टिपू सुलतान' लागायचं, तेव्हा पवनारच्या आमच्या घरात दर आठवड्याला एक वेगळाच कार्यक्रम असे. अब्बा कौलांवर चढायचे, भाई टीव्हीसमोर बसायचा आणि मी दारात उभी राहून आतला निरोप वर आणि वरचा निरोप आत पोचवायचे. "आया?" "थोडा और!" "आया, आया, आया... गया!" गंमत अशी की अब्बांनी अँटिनाचा दांडा धरलेला असेपर्यंत चित्र स्वच्छ दिसायचं. हात सोडला की पुन्हा मुंग्या. अब्बा वरून ओरडायचे, "तो मैं क्या रात भर यहीं खड़ा रहूँ?" अम्मी खालून शांतपणे म्हणायची, "आधा घंटा ही तो है."

अब्बांच्या हाताला शिफा आहे, असं आम्ही पोरं मानायचो. ती शिफा नव्हती, हे कळायला मला पस्तीस वर्षं लागली. तेही माझ्या मुलामुळे आणि एका पडलेल्या विमानामुळे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञानाशी माझा संबंध दहावीत संपला, बी.एड.ला 'कृती संशोधन' नावाचा विषय होता, तेवढाच काय तो प्रयोगाचा अनुभव. मुलगा अकरावीला, विज्ञान शाखेत. दोन ईदींचे पैसे साठवून आणि कुणाकडून तरी जुने भाग विकत घेऊन त्यानं थर्माकोलचं विमान बनवलं होतं. पंख माझ्या हाताएवढे, पुढे छोटी मोटर, पोटात बॅटरी आणि नाकावर नखाएवढा कॅमेरा. कॅमेऱ्यामागे २५ मिलिवॅटचा व्हिडिओ ट्रान्समीटर, त्याला एक बारीक तार. विमान वर गेलं की कॅमेऱ्याला दिसेल ते चित्र खाली गॉगलमध्ये दिसतं. डोळ्यांवर तो डबा चढवून तो अंगणात उभा राहिला की माझी सासू म्हणायची, "इसको क्या हो गया?"

नोव्हेंबरच्या एका रविवारी, असरनंतर, तो आणि त्याचा मित्र गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर गेले. विमान दोन फेऱ्या नीट फिरलं. तिसऱ्या फेरीत वळण घेताना गॉगलमधलं चित्र आधी फाटलं, मग काळं झालं. त्यानं गॉगल काढून वर बघेपर्यंत विमान उतरत्या उन्हात दिसेनासं झालं होतं. मगरिबपर्यंत शोधलं. चारी बाजूंनी डोक्याएवढी तूर. रिकाम्या हातानं घरी आला आणि न जेवता झोपला.

सकाळी विमान सापडलं, पण ज्याला सापडायला नको होतं त्याला नव्हे, तर सगळ्यांनाच. ज्यांच्या तुरीत ते पडलं ते शेतकरी काका ते घेऊन चौकातल्या पानठेल्यावर आले होते. बिचाऱ्यांचा हेतू एवढाच की ज्याचं असेल त्यानं घेऊन जावं. तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती. मी शाळेला निघाले होते, स्कूटी थांबवली आणि पोराला बोलावून घेतलं. काकांनी विचारलं, "हे तुयं हाय का बाबू? कॅमेरा कायले लावला याले?" त्यांच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं. पण गर्दीतल्या एकानं मोबाइलवर विमानाचा फोटो काढला, मग पोराचाही काढला आणि म्हणाला, "ग्रुपवर टाकतो, कोणाले काही माहीत असन तर."

कोणाला काय माहीत असणार होतं? विमान कुणाचं ते तर समोरच उभं होतं.

पुढे काहीच झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणी दारात आलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. पवनार आहे हे. विनोबांनी कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकून घेतली, त्यांच्या आश्रमाचं गाव. पण मी तीन रात्री नीट झोपले नाही. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर 'हुशार आहे' म्हणून विषय संपला असता. आमच्या पोराच्या नावापुढे कॅमेरा, ट्रान्समीटर, आकाश हे शब्द आले की त्यांचा अर्थ आपोआप बदलतो, ही धास्ती मला कुणी शिकवलेली नाही. ती पेपर वाचून वाचून अंगात मुरलेली आहे. भाईचा नागपूरहून फोन आला. "अपने को ये शौक नहीं जमते. बेच दे सब." नवऱ्याचंही तेच मत पडलं. पोरगं काही बोललं नाही. त्यानं विमान माळ्यावर ठेवलं आणि त्याचं हे गप्प बसणं मला जास्त लागलं.

मी आधी नियम काढले. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला 'नॅनो' म्हटलं आहे आणि ते उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. किराणा दुकानातल्या काट्यावर विमान ठेवलं. बॅटरीसकट २५० च्या आत. ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टाही, ठरलेल्या ताकदीच्या आत राहिलं तर, विनापरवाना वापरता येतो. बंदी असलेल्या जागा डिजिटल स्कायच्या नकाशावर बघता येतात, त्याही बघितल्या. कागद छापून फाइलला लावले. मग पोराला म्हटलं, "नियमात बसतंय. आता मला सांग, चित्र का गेलं? 'अचानक गेलं' हे उत्तर मला चालणार नाही. उद्या कुणी विचारलं तर कारण सांगता आलं पाहिजे."

तो म्हणाला, "अम्मी, अँटिना खराब असेल." नवीन अँटिना बसवली. अंगणात ठेवून पाहिलं तर चित्र ठीक. नवी असो वा जुनी, दोन्ही मोकळी धरली तर ठीक, विमानात बसवली की कमजोर. म्हणजे दोष अँटिनात नव्हता, तिच्या शेजारपाजाऱ्यांत होता. मग मी विमान पहिल्यांदा नीट बघितलं. ती तार ग्लू गननं थेट पोटाला चिकटवलेली. तिच्या एका बाजूला पंखाला आधार म्हणून घातलेली कार्बनची नळी, दुसऱ्या बाजूला बॅटरी. बिचारी मधे दाबलेली.

इथे थोडं गणित सांगते, मला कळलं तसं. ५.८ गिगाहर्ट्झची लहर साधारण ५२ मिलिमीटर लांबीची. अँटिनाचा काम करणारा भाग तिच्या पाव लांबीचा, म्हणजे जेमतेम १३ मिलिमीटर. अब्बांच्या अँटिनाचे दांडे हातांत मोजायचे होते, पोराचा नखांत. १३ मिलिमीटरमध्ये १ मिलिमीटरची चूक म्हणजे जवळपास ८ टक्के. आणि चूक कात्रीनंच व्हावी लागते असं नाही. अँटिनाभोवती हवेऐवजी गोंद, प्लास्टिक, ओलं लाकूड असं काही आलं की लहरीचा वेग तिथे कमी होतो आणि तीच तार विजेच्या हिशेबानं लांब झाल्यासारखी वागते. तिचा सूर खाली उतरतो. ट्रान्समीटर एका सुरात, अँटिना दुसऱ्या. मग दिलेली सगळी ताकद बाहेर पडत नाही, काही परत फिरते आणि ट्रान्समीटरलाच तापवते.

हे वाचलेलं. खरं-खोटं करायला मोजमाप हवं होतं. पोरानं एक जुगाड सुचवला. रिसीव्हरच्या आतल्या चकतीवर एक टोक असतं, सिग्नल जितका जोरकस तितका तिथला व्होल्टेज जास्त. त्याला वायर जोडून मल्टिमीटरवर घेतलं. झालं आमचं यंत्र.

पहिली जागा घराची गच्ची. पूर्ण फसली. पाण्याची टाकी, शेजारच्यांची टिनाची पत्रं. लहरी चहूकडून आदळून येत होत्या. विमान वीतभर सरकवलं की आकडा कुठल्या कुठे. मग दर रविवारी सकाळी धामच्या काठापासून बरंच अलीकडे एका मोकळ्या मैदानात जायला लागलो. लाकडी स्टुलावर विमान, वीस पावलांवर रिसीव्हर. मी स्टुलाजवळ एकेक वस्तू धरायची, तो आकडा वाचायचा, वहीत लिहायचं.

पहिल्या दिवसाची वही मी फाडून टाकली. थर्माकोलच्या तुकड्यानं सिग्नल अर्धा झाला, असं त्यात होतं. थर्माकोल म्हणजे बहुतेक हवाच, त्यानं काय होणार? पोरगं वैतागलं. मी तुकडा बाजूला ठेवून रिकामा हात तसाच धरला. आकडा पडलेलाच. दोष थर्माकोलचा नव्हता. माझा होता. माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणी, आणि अशा लहरींसाठी पाणी म्हणजे हवेच्या तुलनेत फार जड चीज. मी आख्खा सकाळभर माझाच हात मोजत होते. त्या क्षणी मला कौलांवरचे अब्बा आठवले आणि मी तिथेच मैदानात हसायला लागले. त्यांचा हात अँटिनाचा एक भाग झालेला होता. सोडला की अँटिना बदलायची. "क्या हुआ?" पोरानं विचारलं. "तेरे नाना," एवढंच म्हटलं.

पुढच्या रविवारपासून वस्तू दोऱ्यानं ओढायच्या, माणसांनी दोघांनीही लांब एका ठरलेल्या दगडावर बसायचं. प्रत्येक वस्तूच्या आधी आणि नंतर रिकामा आकडा घ्यायचा, कारण ट्रान्समीटर तापला आणि बॅटरी उतरली की आकडा आपोआप सरकतो. आणि व्होल्टेजला अर्थ यावा म्हणून एक पट्टी ठरवली. अंतर दुप्पट केलं की पोचणारी ताकद चौथाई होते. वीस पावलांवरून चाळीसवर गेल्यावर आकडा जेवढा पडला, त्याला आम्ही 'एक पायरी' म्हणालो. कृती संशोधनाच्या आमच्या मॅडम बघत्या तर खूश झाल्या असत्या.

मग वही बोलायला लागली. थर्माकोल: काही नाही. पुठ्ठा, कोरडी बांबूची कामटी: जवळजवळ काही नाही. तीच कामटी पाण्यात बुडवून आणली: आकडा खाली. एका सकाळी सगळेच आकडे पडलेले, दहानंतर आपोआप वर आले. दव होतं ते. डासांची नायलॉनची जाळी: काही नाही. लोखंडी जाळी: पत्र्यासारखी भिंत. छिद्रं दिसत असून भिंत कशी, तर पाच सेंटिमीटरच्या लहरीला दोन मिलिमीटरचं छिद्र म्हणजे छिद्रच नाही. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची, तिच्या तबकड्या याच हिशेबानं पत्र्याऐवजी बारीक तारेच्या जाळीच्या केल्या आहेत. वारा आरपार जातो, ताऱ्यांकडची लहर अडते. पोराला माझ्या निकाहच्या ओढणीचा जरीचा काठ हवा होता. आधी नाही म्हटलं, मग दिला. आकडा हलला, पण किती जरीनं आणि किती वाऱ्यानं फडफडून, ते सांगता येणार नाही.

सगळ्यात चकवलं ते अॅल्युमिनियमच्या फॉइलनं. अँटिना आणि रिसीव्हरच्या मधे धरलं तर सिग्नल दोन पायऱ्यांहून जास्त खाली, ते अपेक्षितच होतं. पण अँटिनाच्या मागे बोटभर अंतरावर ठेवलं तर आकडा वाढला! आम्ही चार वेळा करून बघितलं. फॉइल हळूहळू पुढे ओढलं, अँटिनाला टेकायला आलं तसा आकडा कोसळला. साधारण १३ मिलिमीटरवर म्हणजे पाव लहरीवर ठेवलेला धातू आरशासारखा वागतो, मागे जाणारं पुढे ढकलतो. अगदी चिकटून आला की गळा दाबतो. टीव्हीच्या जुन्या अँटिनात सगळ्यात मागचा लांब दांडा असतो ना, तो याच कामाचा. जपानच्या उदा आणि यागी या दोघांनी १९२६ मध्ये ती रचना मांडली. आमच्या कौलांवरच्या त्या दांड्यावर कावळे बसतात म्हणून अम्मीनं तो एकदा काढायला लावला होता. त्या महिन्यात टिपू सुलतान नुसता ऐकला.

एक प्रयोग मी माझ्या हौसेनं केला. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात पाच मिलिमीटरच्या लहरींवर काम केलं. कुठल्या पदार्थातून लहर कशी जाते हे तपासताना त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकात पानांमधे धातूचा पातळ कागद घालून त्याची चाळणी केली होती; पुस्तक एका बाजूनं धरलं तर लहर जाते, आडवं केलं तर अडते. भाषेच्या शिक्षिकेला हे वाचून राहवेल का? मी उर्दूच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत फॉइल घातलं, चार पुस्तकांची थप्पी रिसीव्हरसमोर रचली. आकडा हलला, पण अगदी थोडा. पोरानं हिशेब सांगितला: बोस यांची लहर आमच्यापेक्षा दहापट आखूड, आमच्या लहरीसमोर पुस्तक फारच लहान, ती बाजूनं वळसा घालून येते. तरी मी ती पुस्तकं तशीच ठेवली आहेत.

सूर प्रत्यक्ष किती उतरला, हे मात्र मल्टिमीटर सांगू शकत नव्हता. सिग्नल सावलीमुळे कमी झाला की बेसूर होऊन, त्याला दोन्ही सारखंच. डिसेंबरच्या शेवटी माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीत घरी आला. सातवीपर्यंत उर्दू माध्यमात माझ्याकडे होता, आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्याकडे तळहाताएवढं एक मोजमाप यंत्र होतं, सहा गिगाहर्ट्झपर्यंत चालणारं. त्याला अँटिना जोडली की पडद्यावर एक रेघ येते आणि जिथे अँटिनाचा सूर असेल तिथे रेघेत खड्डा पडतो. मोकळी अँटिना: खड्डा ५.८ च्या जवळ, खोल. ग्लू गनचा एक थेंब लावला: खड्डा डावीकडे सरकला. कार्बनची नळी शेजारी आणली: खड्डा उथळ झाला. "मॅडम, आता बोट जवळ न्या. लावू नका, नुसतं न्या." मी नेलं. स्पर्श व्हायच्या कितीतरी आधी रेघ हलायला लागली. मी बोट मागे घेतलं, रेघ जागेवर. पुन्हा नेलं. मग माझ्या सासूनं करून बघितलं, मग त्याच्या अम्मीनं. चहा निवून गेला.

आता गुन्हेगार सापडला, असं मला वाटलं. विद्यार्थ्यानं मान हलवली. विमानात बसलेल्या अवस्थेत साधारण चौथाई ताकद परत फिरत होती. पण चौथाई गेली तर पल्ला चौथाईनं घटत नाही. वर्गमूळाचा हिशेब आहे. १०० मीटर पोचणारं चित्र ८७ मीटर पोचेल. त्यानं विमान पडत नाही. मग वही पुन्हा उघडली आणि विमान स्टुलावर वळवत, कलतं करत, दिशादिशांनी मोजलं. तेव्हा खरं दिसलं. सरळ उडताना ठीक. डावीकडे कललं की बॅटरी आणि कार्बनची नळी बरोबर अँटिना आणि आपल्या मधे येतात, आणि त्याच वेळी उभी तार आडवी होते, तर खाली गॉगलची अँटिना उभीच. तीन दुखणी एकाच वळणावर एकत्र. बेसूर झालेली अँटिना त्यात सगळ्यात धाकटी. मी महिनाभर तिच्याच मागे होते, हे कबूल करायला हवं.

विमान पुन्हा बांधलं. कार्बनच्या नळीऐवजी पतंगाची कामटी. बॅटरी नाकाकडे. अँटिना शेपटीजवळ, सरबताच्या नळीत घालून, आजूबाजूला दोन बोटं मोकळी हवा ठेवून उभी. गोंद फक्त खाली, जिथे तार काम करत नाही तिथे. वजन पुन्हा काट्यावर घेतलं. नवरा फाइल चाळत होता. म्हणाला, "काकांना विचारलंस का? त्यांच्या शेतावरूनच जाणार ना." खरं तर मला कुणालाच विचारायचं नव्हतं, गुपचूप उडवून घरी यायचं होतं. पण त्याचं बरोबर होतं.

पोरगं स्वतः गेलं विचारायला. मी गेले नाही. फेब्रुवारीचा पहिला रविवार ठरला. तूर निघून गेली होती, हरभरा उभा होता. काका आले, त्यांचा नातू आला, पानठेल्यावरची तिघं-चौघं आली. त्यात तो फोटो काढणाराही होता. पोरानं या वेळी गॉगल स्वतः घातला नाही. "मैं आँख से देखूँगा, अम्मी." गॉगल त्यानं काकांना दिला. त्यांनी टोपी काढली, डबा डोळ्यांवर चढवला आणि बांधावर घट्ट बसून दोन्ही हातांनी दगड धरला.

विमान गेलं. पहिलं डावं वळण आलं तेव्हा मी दुसरीकडे बघत होते. काकांना विचारलं, "दिसतंय का?"

"दिसते ना. थोडी पट्टी आली होती, गेली." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. विमान विहिरीवरून फिरून परत यायला लागलं तसे ते एकदम म्हणाले, "थांब थांब बाबू, अजून एक चक्कर घे तिकडून. माया हरभऱ्यात त्या कोपऱ्याले पिवळं दिसून रायलं. मले खालून कधी दिसलंच नाही."

फोटो काढणारा त्यांच्या मागे येऊन उभा राहिला होता. "काका, मले द्या ना एक मिनिट." काकांनी काही गॉगल सोडला नाही. मी पोराच्या बाजूला जायला निघाले, तर तो विमानावरची नजर न हटवता ओरडला, "अम्मी, वहीं रुको! अँटिना के पास मत आओ."